लीलाबाईंची घंटा

लीलाबाई परतूरकरांविषयी उस्मानपुऱ्यात दोन मतं नाहीत. एकच आहे, आणि ते त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती होत नाही. मी त्यांच्या समोरच्या इमारतीत राहतो. मधली गल्ली इतकी अरुंद आहे की त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगतो आहे ते ऐकीव नाही.

बाई मूळच्या अंबडच्या. लग्न होऊन शहरात आल्या आणि इथल्याच एका शाळेत मराठी शिकवत निवृत्त झाल्या. परतूरकर साहेब कोषागारात होते. फार मवाळ माणूस. एखादा किस्सा रंगात आला की ते बोलता बोलता बायकोकडे बघत आणि तिचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेलेला दिसला की किस्सा गुंडाळत. त्यांचे कितीतरी किस्से शेवटाविनाच राहिले. ते वारले तेव्हा शोकसभेत बोलायला उठलेल्या प्रत्येकाने भाषण आवरतं घेतलं, कारण बाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

हा धाक आला तो घंटेमुळे. आमच्या वक्तृत्व मंडळाची आंतरशालेय वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा बरीच वर्षं चालू आहे. मराठवाड्यातल्या शाळा येतात. मी परीक्षक असतो. मंडळाच्या चिटणीस लीलाबाई, आणि वेळ बघायच्याही त्याच. हातात धरायची पितळी घंटा. पहिल्यांदा वाजली की आवरायला लाग, दुसऱ्यांदा वाजली की तोंड बंद. त्यानंतर एक शब्द जरी निघाला तरी स्पर्धक बाद. क्रियापद राहिलं असेल तर ते घरी नेऊन जोडायचं. एकदा नगरसेवक सर्जेराव प्रमुख पाहुणे म्हणून आले आणि युवाशक्तीवर बोलत सुटले. बाईंनी त्यांच्यावरही घंटा वाजवली. सर्जेराव इतके दचकले की 'जय महाराष्ट्र' म्हणायचंही विसरून खाली बसले.

मुलं बाद झाली की रडत, शिक्षक भांडायला येत. सगळ्यांची सबब ठरलेली असे, घंटा ऐकू आली नाही. त्यावर बाईंचं उत्तरही ठरलेलं होतं. "ऐकू आली नाही म्हणजे ऐकायची नव्हती." एवढं बोलून त्या पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारत. मंत्र्याचा मुलगा असो की शिपायाचा, घंटा सगळ्यांना सारखी. हे त्यांना स्वतःला फार आवडायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडायचं. हल्ली जिकडेतिकडे वशिला चालतो, तिथे एक तरी जागा अशी आहे म्हणून मी दरवर्षी परीक्षक व्हायला जात असे.

लॉकडाऊनमध्ये सगळ्या स्पर्धा पडद्यावर गेल्या, आमची गेली नाही. पडद्यावर कसलं आलंय वक्तृत्व, म्हणून बाईंनी ती सरळ बंद ठेवली. पण यंदा शाळेचं सभागृह ऐन वेळी निवडणुकीच्या कामासाठी ताब्यात घेतलं गेलं. पत्रकं गेली होती, मुलांची भाषणं पाठ झाली होती. दुसरीकडे एवढी जागा मिळेना. शेवटी बाईंची सून सावनी म्हणाली, "आई, ऑनलाइन करू. मी बघते सगळं." सावनी घरूनच कुठल्याशा पुण्याच्या कंपनीचं काम करते. बाईंनी नाक मुरडलं, पण स्पर्धा बुडवायची नव्हती.

तयारी मात्र त्यांनी जीव तोडून केली. शाळांना फोन केले. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, मागे वाळत घातलेले कपडे नकोत, गणवेश पूर्ण घाला, नुसता वरचा नाही, असल्या सूचना पाठवल्या. बाई दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसणार आणि सावनी आतल्या खोलीत दार लावून कुणाचा आवाज चालू, कुणाचा बंद ते सांभाळणार असं ठरलं. परीक्षक तिघे. जालन्याचे वकील अभय, परभणीच्या एक बाई आणि मी, आपापल्या घरून.

आदल्या दिवशी घंटेची चाचणी झाली. बाईंनी लॅपटॉपसमोर घंटा वाजवली आणि आत ओरडून विचारलं, "ऐकू आली का गं?"

"आली, आई! चांगली खणखणीत."

मग मला फोन. "अनंतराव, तुमच्याकडे आली का?"

"स्वच्छ आली," मी म्हणालो.

सून दाराच्या पलीकडे आणि मी गल्लीच्या पलीकडे. आम्हाला नाही ऐकू येणार तर कुणाला येणार? पण ही अक्कल त्या वेळी तिघांपैकी एकालाही सुचली नाही.

शनिवारी प्राथमिक फेरी झाली. सकाळचा बराच वेळ नावांतच गेला, कारण पडद्यावर मुलांऐवजी घरच्यांच्या मोबाईलची नावं झळकत होती. 'पप्पा जिओ', 'जय मल्हार ट्रॅक्टर्स', 'कांबळे मिस्त्री'. "जय मल्हार ट्रॅक्टर्स, तुमचा विषय सांगा," असं बाईंना म्हणावं लागलं. एकीच्या मागून म्हैस गेली, ती परत आली. एकाचे गुरुजी मोबाईलच्या मागे उभे राहून भाषण पुटपुटत होते आणि पोराची नजर सारखी तिकडे जात होती. बाईंचं मात्र आम्हाला फक्त कपाळ दिसत होतं, कपाळाच्या वर कॅलेंडर. आवाज तेवढा नवल वाटावं इतका स्वच्छ येत होता. ना पंखा, ना कुकर, ना रस्त्यावरचे हॉर्न. बाई खूष होत्या.

ही खुशी टिकली नाही. मुलं घंटेला जुमानेनात. जी मुलं घरी घड्याळ लावून घोकून आली होती ती वेळेत संपवत होती, बाकीची दुसरी घंटा झाली तरी बोलतच होती. माझ्या खिडकीतून ती घंटा ठणठणत येत होती, आणि पोरं निवांत स्त्रीशिक्षणावर बोलत होती. मलाही त्यांचा राग आला. शेवटी बाई घंटा ठेवून तोंडानेच ओरडायला लागल्या. चितेगावची श्रेया नावाची सातवीतली मुलगी झाडांवर बोलत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि हातवारे करताना हात सारखा चौकटीबाहेर जायचा. तिने दुसऱ्या घंटेनंतर एक अख्खी कविता म्हटली.

"थांब!" बाई कडाडल्या. "घंटा कुणासाठी वाजवली मी? भिंतीसाठी?"

श्रेयाने खाली बघितलं, मग पुन्हा कॅमेऱ्याकडे. "सॉरी बाई," ती म्हणाली.

"सभागृहात असतीस तर असं केलं असतंस का? पडद्यामागे बसलं की मुलं कोडगी होतात. बाद."

सावनीने तिचा आवाज बंद केला. त्या दिवशी अशी पाचसहा मुलं बाद झाली. एकाने भीतभीत सांगितलं की घंटा ऐकू आली नाही. त्याला ठरलेलं उत्तर मिळालं. बाकीची काही बोलली असतील तर ती आमच्यापर्यंत आली नाहीत, कारण त्यांचे आवाज बंद केलेले होते. संध्याकाळी बाई गॅलरीत उभ्या राहून मला म्हणाल्या, "अनंतराव, भीतीच राहिली नाही हो पोरांना." मी मान डोलावली.

रविवारी सकाळी वादविवादाची अंतिम फेरी होती. ठराव होता, खेड्यातल्या मुलांनी शिकायला शहरात यावं. विरोधात शेवटी बोलणारी करमाडची अमृता दाभाडे, दहावीतली. ती उभी राहिली आणि एरवी मुलं म्हणतात ते 'शांत चित्ताने ऐकून घ्याल अशी आशा बाळगतो' वगैरे काही न म्हणता सुरू झाली.

"अध्यक्ष महाराज, शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बसा रोज आमच्या गावावरून जातात. शहरातली माणसं आमच्याकडं कामाला येतात, आन आम्ही शिकायला शहरात जायचं. मग सांगा, शहर नेमकं कुठं आहे? कंपनी गावापाशी आणता येती, तर कॉलेज का नाय आणता येत?"

मी पेन खाली ठेवलं. अभयही खुर्चीत पुढे सरकलेले दिसले. मुलगी चांगली होती. चांगली म्हणजे, इतक्या वर्षांत अशा दोनतीनच ऐकल्या असतील. समोरच्या बाजूचा एकेक मुद्दा तिने उचलला आणि शांतपणे बाजूला ठेवला. खिडकीतून पहिली घंटा आली. मग दुसरी आली. अमृता बोलतच होती. मी तिला मनातल्या मनात पहिलं बक्षीस देऊन टाकलं होतं आणि आता काय होणार ते मला माहीत होतं.

"थांब," कपाळ म्हणालं. "बाद."

अमृता थांबली. ती रडली नाही, घाबरलीही नाही. सावनीने तिचा आवाज बंद करायच्या आत तिने विचारलं, "बाई, घंटा कधी वाजली?"

"कधी वाजली म्हणजे? दोन्ही वाजल्या!"

"नाय बाई. मी लई वाट बघितली. कालबी नाय ऐकू आली. मला वाटलं काल मी लवकर संपवलं म्हणून नसंल वाजली. आज तर घंटेसाठीच एक मुद्दा राखून ठेवला होता मागं."

"ऐकू आली नाही म्हणजे—" बाईंनी सुरुवात केली आणि कशी कुणास ठाऊक, थांबल्या. कदाचित त्या मुलीच्या आवाजात सबब नव्हती म्हणून असेल. "बरं," त्या म्हणाल्या. "सावनी, सगळ्यांचे आवाज चालू कर. आता मी वाजवते. सगळ्यांनी ऐका."

त्यांनी घंटा वाजवली. जोरात वाजवली. माझ्या खिडकीच्या कठड्यावरचं कबूतर उडालं. पडद्यावर मात्र ती सगळी तोंडं होती तशीच होती, वाट बघणारी.

"वाजवा की, बाई," अमृता म्हणाली.

मी उठून खिडकी लावून घेतली आणि परत येऊन म्हणालो, "लीलाबाई, पुन्हा एकदा वाजवा." कपाळ थोडं हललं, खांदा हललेला दिसला. मला काहीही ऐकू आलं नाही.

आतल्या खोलीतून सावनी धावत आली असावी, कारण बाईंच्या चौकटीत तिचा अर्धा चेहरा आला. मग तिने सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हे सॉफ्टवेअर फक्त माणसाचा आवाज पुढे पाठवतं. पंखा, भांडी, हॉर्न असले आवाज ते आपणहून गाळून टाकतं. घंटेला त्याने भांड्यांत जमा केलं होतं. "माझ्या लक्षातच आलं नाही, आई. मला दारातून ऐकू येत होती ना," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. अभय आणि परभणीच्या बाईंनाही घंटा ऐकू आली नव्हती, पण दोष आपल्याच मोबाईलचा असेल असं समजून दोघांनी बाईंच्या शब्दावर भरवसा ठेवला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मीटिंगमधला माझा आवाज बंद करून मी तो उचलला. अभय होते. "अनंतराव, तुम्ही बाईंना जरा समजवा. अमृताचं धरून टाकू आणि निकाल लावून मोकळं होऊ. कालच्यांचं आता उकरून काढायला नको. एकदा शाळांच्या ग्रुपवर गेलं की मंडळाचं नाव जाईल. आधीच्या वर्षांचे निकालसुद्धा लोक उकरतील." वकील माणूस, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खरं तर मलाही तेच वाटत होतं. कालच्या मुलांना पुन्हा बोलवायचं म्हणजे लीलाबाईंची घंटा चुकली असं जाहीर करायचं, आणि लीलाबाईंजवळ त्या घंटेशिवाय दुसरं होतं काय? मी त्यांना फोन लावून अभयचं म्हणणं सांगितलं.

"कालच्या मुलांना मी बाद कुठे केलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे? मीटिंगमध्ये."

"सगळ्यांसमोर. मग हेही सगळ्यांसमोरच होईल. ठेवा फोन."

त्यांनी चष्मा लावला, लॅपटॉपचा पडदा मागे केला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा अख्खा चेहरा आम्हाला दिसला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच थकलेला होता. त्यांनी अंतिम फेरी थांबवली. काल बाद झालेल्या सगळ्या मुलांना आज दुपारी पुन्हा बोलायला मिळेल, असं हजेरी घेतल्यासारख्या आवाजात सांगितलं. मग सावनीकडून नंबर घेऊन, मोबाईल स्पीकरवर टाकून लॅपटॉपसमोर धरला आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. माणसांचे आवाज जात होते, त्यामुळे पलीकडचं सगळं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

पहिला मुलगा क्रिकेट खेळत होता. त्याचे वडील म्हणाले, त्याला घेऊन येतो, पण तो पायजम्यावर आहे, चालेल का? बाई म्हणाल्या चालेल. हे ऐकून परभणीच्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. एक जण लग्नाच्या वऱ्हाडात जीपमध्ये होता. तो म्हणाला, भाषण पाठ आहे, जीपमधूनच बोलतो. एका मुलाचे शिक्षक मात्र चिडले होते, त्यांनी बाईंना बरंच सुनावलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, त्यांना थांबवलंही नाही. प्रत्येकाला त्या एकच वाक्य सांगत होत्या. घंटा तुमच्यापर्यंत आली नव्हती, मुलाची चूक नव्हती, चूक मंडळाची होती. मंडळाची, असं त्या म्हणत होत्या. ते माझ्या लक्षात आलं, आणि मी त्यांना मनातल्या मनात तेवढी सूट दिली. या वयात माणसाने आणखी किती वाकायचं?

शेवटचा फोन चितेगावला होता. श्रेयाच्या आईने उचलला.

"मी लीलाबाई परतूरकर बोलते. कालच्या स्पर्धेतल्या."

"व्हय व्हय, नमस्कार बाई." आवाज एकदम अदबीचा झाला. "बाई, पोरीला माफ करा. तुमचं नाय ऐकलं तिनं काल."

"त्याचसाठी फोन केला. श्रेया कशी आहे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं का? काय नाय, कानाचं झालंय तिच्या. कालपासनं रडती. म्हणती, आई, बाईंनी घंटा वाजवली ती सगळ्यांना ऐकू आली, मला एकटीलाच नाय आली. मला बहिरेपण आलं का? आम्ही ताटली वाजवून बघितली, ती म्हणती ऐकू येतंय. पर मग तुमची घंटा कशी नाय आली? म्हणून कोमट तेल घातलंय कानात. आज रविवार आहे, उद्या तिचे पप्पा सुट्टी टाकून कानाच्या डॉक्टरला दाखवायला नेणार आहेत."

अमृताने तोंडावर हात ठेवला होता. लीलाबाई मोबाईलकडे बघत होत्या.

"तिचे कान चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

"नाय बाई, तुम्हाला नाय माहीत..."

"मला माहीत आहे. घंटा कुणालाच ऐकू आली नव्हती. एकाही मुलाला नाही. ती मशीनमध्येच अडकली होती."

"कुणालाच नाय?" श्रेयाच्या आईने विचारलं आणि मग स्वतःशीच म्हटलं, "मग पोरगी रातभर..." ते वाक्य तिने पुरं केलं नाही.

"तिला फोन द्या," लीलाबाई म्हणाल्या.

काहीतरी सरकवल्यासारखं झालं. मग लहान आवाज आला. "हॅलो."

"श्रेया, काल मी तुला कोडगी म्हणाले. तुझं काही चुकलं नव्हतं. तुला घंटा ऐकू आली नाही हेच बरोबर होतं." त्यांचा ओठ हलला, आणि आता त्या पुन्हा मंडळाचं नाव घेणार असं मला वाटलं. "मी चुकले," त्या म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या की मी पुढे वाकलो.

पलीकडून श्रेया म्हणाली, "बाई, जरा मोठ्यानं बोला ना. माझ्या कानात कापूस आहे."

लीलाबाई परतूरकर ताठ बसल्या. मीटिंगमध्ये पाच जिल्ह्यांतल्या शाळा होत्या, शिक्षक होते, आईवडील होते, जय मल्हार ट्रॅक्टर्स होते. बाईंनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायच्या आवाजात म्हणाल्या, "मी चुकले, श्रेया!"

"हां," श्रेया म्हणाली, "आता आलं ऐकू."